सखारामजींची शेवंती

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी गुलाबाच्या काड्यांची एक जुडी ओल्या गोणपाटात गुंडाळून अकोल्याला सखारामजींकडे पाठवली होती. अमरावतीहून बडनेरा आणि तिथून अकोला, हा आमच्या काड्यांचा नेहमीचा प्रवास. रेल्वेतले ओळखीचे एक गार्ड हे काम आनंदाने करीत. तिसऱ्या दिवशी जुडी तशीच परत आली. सुतळीत एक चिठ्ठी खोचलेली होती. 'काका, बाबा सोमवारी सकाळी गेले. इथे लावणारे कोणी नाही आणि काड्या वाळतील, म्हणून परत पाठवते. गोदा.' बाप जाऊन दोन दिवस झालेले, आणि मुलीला दुसऱ्याच्या काड्यांची काळजी... मला रडू आले नाही. मी कुदळ घेतली आणि काड्या लावायला बसलो. त्या काही माझ्यासाठी थांबणार नव्हत्या.

सखारामजी पूर्वी अमरावतीतच, राजापेठेत राहत आणि कापसाच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होते. मूळचे बार्शीटाकळीकडचे, माळ्याच्या घरचे. वडील भाजी आणि झेंडू पिकवून बाजारात विकत. 'बिन इकाची फुलं कोनी लावते काय?' असे ते मुलाला अखेरपर्यंत विचारत आले. सखारामजींचे उत्तर ठरलेले असे, 'इकाच्या फुलाकडं पाह्याले येळ कुठी भेटते?' आम्ही आठनऊ जण तेव्हा दर रविवारी सकाळी एकेकाच्या अंगणात जमत असू. दोघे वकील, एक पोस्टातले, मी पुण्याकडून आलेला ड्रॉइंग मास्तर, असे सगळे फुलांचे वेडे. झाडे पाहायची, काड्या-बिया वाटून घ्यायच्या, चहा प्यायचा. त्याला आम्ही मंडळ म्हणत असू. सखारामजी पहिल्यांदा माझ्या अंगणात आले तेव्हा मी मोठ्या कौतुकाने माझा गुलाब पुढे केला. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, हे झाड तुमी मारून राहिले." सगळे हसले. मला राग आला. "त्याले जराशी तहान लागू द्या ना," एवढेच ते पुढे बोलले. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ते आपण होऊन आले, कुंडी उपडी केली, सडलेली मुळे मला दाखवली, आणि मातीने भरलेल्या हातांनी ते झाड पुन्हा बसवून दिले. ते जगले. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

शेवंती आपण सगळेच लावतो. बुंध्याशी जी पोरे फुटतात, ज्यांना आपण काश्या म्हणतो, त्या काढून लावल्या की झाले. आईसारखीच लेक निघते. सखारामजी मात्र बियांपासून शेवंती करीत. बियांतून काय निघेल याचा भरवसा नसतो. चार वर्षे त्यांनी वाफेच्या वाफे पेरले, फुले पाहिली आणि रोपे उपटून टाकली. पाचव्या वर्षी एका रोपाला भाजल्या विटेच्या रंगाचे फूल आले, आणि पाकळीच्या पोटाला हळदीची झाक. त्या रविवारी आम्ही सगळे त्या एका कुंडीभोवती उभे होतो. "हे ठेवतो," सखारामजी म्हणाले.

पुढचा उन्हाळा वाईट होता. राजापेठेतल्या विहिरी चैत्रातच तळाला गेल्या. त्यातच गोदाची आई अंथरुणाला खिळली. तिला अकोल्याला भावाकडे न्यायचे ठरले, तेव्हा जाण्याच्या आदल्या दिवशी सखारामजी त्या शेवंतीच्या तीन काश्या घेऊन माझ्याकडे आले. "तुमच्या विहिरीले पानी हाये. इतक्या सांभाळा," म्हणाले. मी सांभाळल्या. शाळेला सुटी होती. दिवसातून दोनदा सावली बदलून मी त्या जगवल्या. वैशाखात गोदाची आई गेली. सगळे आटोपून ते परतले तेव्हा त्यांच्या अंगणात मातीच्या नुसत्या कुंड्या उरल्या होत्या. ते माझ्याकडे आले, काश्यांपाशी उकिडवे बसले. मी म्हटले, "घेऊन जा सखारामजी." त्यांनी मान हलवली. "या वर्साले इथीच राहू द्या. माह्या हातून आता काही नाही होत."

त्या हिवाळ्यात कंपनी बागेत फुलांचे प्रदर्शन भरले. त्या शेवंतीची फुललेली एक कुंडी मी तिथे नेऊन मांडली. मांडताना मनात काही वाईट नव्हते, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. परीक्षक म्हणून एका बड्या साहेबांच्या मडम आल्या होत्या. त्या माझ्या कुंडीपुढे थांबल्या, वाकल्या, पुन्हा एकदा वाकल्या. बरोबरच्या कारकुनाने विचारले, "बाई विचारतात, ही जात कोणी तयार केली?" आणि मी म्हणालो, "मी."

एकच अक्षर. दोरीच्या पलीकडे सखारामजी उभे होते, बारा वर्षांच्या गोदाचा हात धरून. त्यांनी ऐकले हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. मला चांदीचा पेला मिळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सखारामजींनीही वाजवल्या.

पुढच्या रविवारी ते येणार नाहीत असे मी धरून चाललो होतो. ते सगळ्यांच्या आधी आले. ज्या माणसाने माझ्या गुलाबाबद्दल चारचौघांत सुनावले होते, तो या गोष्टीबद्दल त्या दिवशी बोलला नाही आणि नंतरच्या सोळा-सतरा वर्षांतही बोलला नाही. गावात ती 'मास्तरची शेवंती' झाली. तिच्या काश्या अचलपूरपर्यंत गेल्या. कोणी ते नाव घेतले की मी सखारामजींकडे पाहायचे टाळीत असे. पेला मी ट्रंकेत तळाशी टाकला. पण तोंड काही उघडले नाही.

गोदा अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली तेव्हा ते तिच्याबरोबर तिकडे गेले; जाताना त्या शेवंतीची एक काशी माझ्याकडून घेऊन गेले. यंदाच्या श्रावणात मी मन घट्ट करून त्यांना भेटायला गेलो. ते थकले होते, बोलताना दम लागत होता. मागच्या अंगणात आम्ही बसलो. मी सुरुवात केली, "सखारामजी, त्या शेवंतीचं मला..." त्यांनी मला पुढे बोलू दिले नाही. "तिले यंदा लय फुटवे आले. पाह्यता काय?" असे म्हणून ते माझ्या खांद्यावर हात टेकून उठले. मला सुटल्यासारखे वाटले, हे इथे लिहून ठेवतो. ती आमची शेवटची भेट.

ते गेल्यावरच्या रविवारी मंडळ माझ्याकडे जमले. मी सगळे सांगून टाकले. मग आमच्यातले ज्येष्ठ वकील, दादासाहेब, हळूच म्हणाले, "मास्तर, तुमचं प्रेम कळतं. पण असं काही बोलू नका. प्रदर्शनाच्याच आठवड्यात, फूल ओळखीचं वाटलं म्हणून, मी सखारामजींना स्पष्ट विचारलं होतं, की ही तुमची ना? ते म्हणाले, नाही जी, मास्तरचीच हाये. माही तं मेली." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी शपथेवर सांगितले, तरी त्यांना ते माझे दुःखच वाटले. पोस्टातल्या काकांनी तर माझ्या पाठीवरून हात फिरवला.

म्हणून गेल्या आठवड्यात मी अकोल्याला गेलो. गोदा शाळेतून नुकतीच आली होती. तिच्यापुढे मी तेच पुन्हा सांगितले. ती ऐकून घेत होती, आणि ऐकता ऐकता ओट्यावरच्या कुंड्यांची वाळकी पाने खुडत होती.

"मले ठाऊक हाये काका," ती म्हणाली. "मी तिथीच होती ना. घरी आल्यावर बाबाशी लय भांडली मी. म्हटलं, बोलले काहून नाही? बाबा म्हणे, तुही माय गेली, झाडं गेली. आता रविवारचा मानूस बी घालवू काय?"

गोदाने पाणी आणून दिले. "तुमी श्रावणात बोलायले आले होते हे बी त्याइले समजलं होतं," ती म्हणाली. "तुमी गेल्यावर म्हणे, मास्तरले लय तरास होऊन राहिला."

अंगणात शेवंतीला पहिली फुले आली होती, आठदहा. तेवढ्यात शेजारच्या बाई परडी घेऊन पूजेला फुले न्यायला आल्या. त्यांची रोजची वहिवाट असावी. "मास्तरची शेवंती उमलली वाटते," त्या म्हणाल्या.

"मास्तर मीच," मी म्हटले. "ही माझी नाही बाई. ही सखारामजींची."

त्यांनी गोदाकडे पाहिले. गोदाने मान डोलावली. "व्हय मावशी, बाबाचीच हाये."

"असं काय..." बाई म्हणाल्या. घटकाभर त्या कुंडीकडे पाहत राहिल्या. मग दोन फुले खुडली, परडीत ठेवली आणि म्हणाल्या, "मंग आज देवाले त्याइच्या नावानं वाहतो."