अक्कांचा पहिला घोट

मिशनच्या कामासाठी वर्षभर बिनपगारी राहायचं ठरवून मी नगरकडून चाकूरजवळच्या एका खेड्यात आले, तेव्हा माझ्या पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका, जुलाबावरच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडरचा एक डबा होता. वय बावीस. आपल्याला सगळं कळतं, याची पक्की खात्री. पुस्तिका कुणी मागितल्या नाहीत आणि मीही पुढे केल्या नाहीत. पण गावानं मला असं काही ठेवून घेतलं, की सुरुवातीला बरं वाटलं आणि मग हळूहळू भीती वाटायला लागली. मी पाणी उकळा म्हटलं की उकळत. पोराला ही गोळी द्या म्हटलं की कसली म्हणून विचारतसुद्धा नसत.

मी राहायचे ते किराणा दुकानदाराच्या घरी. त्यांच्या बायकोला सारं गाव अक्का म्हणायचं, मीही म्हणू लागले. घर लिंगायत. अक्कांच्या गळ्यात चांदीच्या करंड्यातलं लिंग असायचं. रोज पहाटे आंघोळ करून त्या ते तळहातावर घेत, त्यावर पाणी घालत आणि ते तीर्थ प्यायल्याशिवाय तोंडात घास घालत नसत. माझ्या गळ्यातला क्रूस पहिल्याच दिवशी त्यांनी बोटानं उचलून पाहिला होता. "तुझा देव बी गळ्यातच हाय की," म्हणाल्या, आणि माझ्या ताटात भाकरी वाढली. आमच्यात धर्माची चर्चा झाली ती एवढीच.

ते लातूर नुकतंच जिल्हा झालेलं वर्ष. जिल्हा नवा मिळाला, पाऊस काही मिळाला नाही. उन्हाळा लागता लागता गावातल्या बाकीच्या विहिरी आटल्या आणि सारं गाव वेशीजवळच्या एकाच विहिरीवर आलं. शेजारच्या गावात जुलाब-उलट्यांची साथ सुरू झाल्याची बातमी आली, तेव्हा मला जोर चढला. आता या विहिरीत औषध टाकायलाच हवं. डब्यावर लातूरच्या आमच्या मिशन दवाखान्यातल्या सिस्टरांनी रंगानं एक रेघ मारून दिली होती, या विहिरीला एवढी पावडर म्हणून. एका संध्याकाळी रेघेपर्यंत पावडर मोजून मी बादलीत कालवली, चुन्याचा गाळ खाली बसू दिला आणि वरचं निवळ पाणी विहिरीत सोडलं. बायका काठावर उभ्या राहून कौतुकानं बघत होत्या. मलाही माझं कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी निघाले आणि पहिल्या एसटीनं लातूरला गेले. गावाला टँकर मिळावा म्हणून अर्ज द्यायचा होता. नव्या कचेरीत कुठला कागद कुठं द्यायचा हे तिथल्या लोकांनाच अजून समजलेलं नव्हतं. या टेबलावरून त्या टेबलावर फिरून शेवटी कुणीतरी अर्ज ठेवून घेतला. मग मी सिस्टरांना भेटायला गेले आणि मोठ्या तोऱ्यात विहिरीची हकीकत सांगितली.

"पाणी किती आहे विहिरीत?" त्यांनी विचारलं.

"असेल मांडीभर."

त्यांचा हात कपावरच थांबला. "अगं, ती रेघ मी पावसाळ्यात मारली होती. तेव्हा विहीर तुडुंब होती."

पुढचं मला नीट आठवत नाही. स्टँडवर गाडीची वाट बघत मी फेऱ्या मारत होते. एवढं औषध मांडीभर पाण्यात. मोठ्या माणसांचं पोट होरपळेल, लहान पोरांचं काय होईल? आणि ते पितील. वास आला तरी पितील, कारण मी टाकलंय. गाडीत शेजारच्या बाईनं मला भाकरी-ठेचा पुढे केला आणि विचारलं, "माहेरी चाललीस का, बाई?" मला रडू फुटलं. चाकूरला उतरून गावापर्यंत तासाची वाट होती. भर उन्हात मी अर्धी पळत गेले. प्रार्थना करायची म्हटलं तर एकही ओळ सुचेना. मला नुसती तोंडं दिसत होती, एकेका घरातली.

वेशीत आले तर विहिरीभोवती घागरी, कळशा, पत्र्याचे डबे रांगेनं मांडलेले. आणि माणूस एक नाही. ना कुणाचा आवाज, ना कुणाचं रडणं. त्या रांगेपाशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. आजही रिकाम्या भांड्यांची रांग दिसली की मी आधी माणसं शोधते.

लिंबाखाली एक म्हातारबाबा बसले होते, ते मला नंतर दिसले. "पाणी कुणी नेलं का, बाबा?" मी विचारलं.

"न्हाई. अक्कानं आडीवलं समद्यास्नी. मी सांगंपर्यंत कुणी दोर सोडायचा न्हाई म्हनली. नंबर लावून गेल्या बाया."

मी घराकडे धावले. दुकान बंद होतं. आत अक्का घोंगडीवर पडून होत्या, ओठ सुजलेले, उशाशी घमेलं. त्यांचे मालक वारा घालत होते. काय झालं ते त्यांनीच सांगितलं.

पहाटे विहिरीवर पहिली कळशी अक्कांनीच काढली होती. पाण्याला उग्र वास आला. बाकीच्यांना त्यांनी थांबवलं, घरी येऊन त्याच पाण्यानं पूजा केली आणि ते तीर्थ प्यायल्या. वर पेलाभर आणखी. तेव्हापासून उलट्या.

"वास आला होता, तर कामून प्यायलात, अक्का?" मी रडत विचारलं. कामून हा शब्द मी त्यांच्याकडूनच उचलला होता.

त्यांचा घसा बसला होता. "तू आमच्या घरात ऱ्हातीस. आमच्या घरच्या मानसानं इहिरीत काय टाकलं, तर आदी आमीच प्यावं लागतंय. गावाला कसं पाजावं?"

मी वेशीत परत गेले. तोवर बाया जमल्या होत्या. माझं चुकलं, औषध फार पडलं, दोन दिवस हे पाणी तोंडात घालू नका, असं मी सांगितलं. हाकलून देतील, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर सुटले असते. एकीनं एवढंच विचारलं, "दोनच दीस नव्हं?" मग त्यांनी आपापल्या घागरी उचलल्या आणि लांबच्या ओढ्यातल्या झिऱ्याकडे चालायला लागल्या.

अक्का तिसऱ्या दिवशी उठल्या. टँकर काही आला नाही. साथ मात्र आणखी जवळ आली, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा औषध टाकणं भाग होतं. या वेळी मी दोरानं पाणी मोजलं, हिशेब तीनदा केला, आणि चमचा पावडरीत घालण्याआधी चौथ्यांदा केला. सकाळी वास घेतला. बेताचा होता. आज पहिला घोट मीच घेणार, असं ठरवून मी कळशी ओढली.

तेवढ्यात अक्कांनी तांब्या पुढे केला, कळशीतून भरून घेतला आणि उभ्या उभ्या रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं आणि मागच्या बाईला म्हणाल्या, "भर."

बाया पाणी भरू लागल्या. मी अक्कांच्या मागोमाग घरी आले आणि दुपार कलेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहिले.