लाईन आली की बोलणारा कॉम्प्युटर

इकडे ये अशी, जवळ बस. फोनवर तू नुसतं हो-हो करतेस, अन् मागच्या खोलीचं नाव काढलं की तुले लगेच मीटिंग लागते. म्हणून लिहून राह्यली आहे. वाचताना माझ्या बाजूले बसली आहेस असं समज, अन् मधातच उठू नको. नेहमी उठतेस तू.

परवा म्हणालीस, "आई, त्या डब्याचे आता भंगारवालाही शंभर रुपये देणार नाही. कायले जागा अडवून ठेवली?" बाई माझे, तो डबा आला तेव्हा तेवढ्या पैशात इथं कळंबले चिंतामणीच्या रस्त्यावर प्लॉट येत होता. ऑफिसात एखादा कॉम्प्युटर असेल नसेल, घरात तर मी कोणाच्या पाह्यला नव्हता. तुझ्या बाबांनी पीएफमधून पैसे काढले अन् नागपूरहून जीपनं आणला. टीव्हीसारखं मोठं खोकं ते सगळ्या रस्त्यानं मांडीवर घेऊन बसले. उतरवून घेताना तुझे काका दारात उभे.

"दादा, एवढ्या पैशात म्हशी आल्या असत्या. दूध तरी दिलं असतं."

"म्हैस माझ्या पोरीले शिकवणार आहे का?"

"पोरगी शिकेल हो. हे खोकं काय काय खाते ते पाहा आता."

खाल्लंच त्यानं. मागच्या खोलीत चपला बंद, खाणंपिणं बंद. उन्हाळ्यात घरातल्या एकुलत्या एक कूलरचं तोंड त्याच्याकडे, अन् आपण तिघं बाजूले घामाघूम. मी त्याले झालरीचं कव्हर शिवलं. उरलेल्या कापडाचा तुझा झंपर झाला, तर तू रडली होतीस, की मी अन् कॉम्प्युटर सारखेच दिसतो म्हणून.

त्याच्यासोबत एक छोटासा माईक आला होता. सुरू होताना कॉम्प्युटर जे टणटण वाजायचा, त्याच्या जागी तुले बाबांचा आवाज टाकाचा होता. ते आपले घसा खाकरत बसले. "मी काय भाषण करू?" तू म्हणालीस, "कोणी घरी आलं की बोलता ना बाबा, तेच बोला." तेच बोलले. "आले का? या, बसा. चहा मांडाले सांगतो." मी स्वयंपाकघरातून ओरडली, "साखर नाही हो!" अन् तू फिसकन हसलीस. सगळंच त्याच्यात गेलं. मग रोज बटन दाबलं की ते चहा सांगायचे, मी साखर नाही म्हणायची, अन् तू हसायचीस.

दसरा आला. स्कूटरची पूजा झाली, विळीची झाली, तुझ्या पुस्तकांची झाली. बाबांनी कॉम्प्युटरलेही हळदकुंकू लावलं. मग आपट्याचं पान घेतलं अन् कॉम्प्युटरमधलं बाहेर न्याले जिथं ती चौकोनी फ्लॉपी टाकत होते ना, त्या फटीत सरकवून दिलं. "घे बाई, तुलेही सोनं." आपल्याले लय कौतुक. पण फटीचं झाकण मिटलं अन् पान आतच राह्यलं. त्या दिवसापासून फ्लॉपी आत जाईना. यवतमाळच्या दुकानदारानं नवीन बसवाचा जो भाव सांगितला, तो ऐकून बाबा म्हणाले, "राहू द्या, सोनं बाहेर कोण काढते!" म्हणून तू पुण्याले शिकाले गेलीस तेव्हा तुले तो आवाज संगं नेता आला नाही. घरातच राह्यला.

पुढचं तू सांगू देत नाहीस, पण आज सांगतेच.

बाबांची तेरवी होती. लाईन सकाळपासून गेलेली, पंखे बंद; बाबा दवाखान्यात गेल्यापासून पहिल्यांदाच गेली होती. बायका बैठकीत बसल्या होत्या, अंगणात पंगत उठून राह्यली होती. तू मोठ्या आत्याच्या खांद्याले टेकून बसली होतीस. बाबांनी दवाखान्यात जायच्या आधी कॉम्प्युटरचं बटन चालूच ठेवलं होतं, अन् एवढ्या दिवसांत त्या खोलीत कोणी गेलंच नव्हतं. दुपारी लाईन आली. पंखा फिरला, अन् मागच्या खोलीतून बाबा म्हणाले, "आले का? या, बसा. चहा मांडाले सांगतो."

आत्याच्या हातचा पाण्याचा गडवा पडला. मागून माझा आवाज, साखर नाही म्हणणारा. मग तुझं हसणं.

तू उठलीस, चपला न घालता थेट बसस्टँडपर्यंत गेलीस. त्या दिवसापासून तू त्या खोलीत पाय ठेवला नाहीस, पोरी.

मी मात्र बटन चालूच ठेवलं. मुद्दाम. पुढं लाईन रोजच जाऊ लागली. दुपारी आली की ते बोलायचे. मी उठून खरंच चहा मांडायची, दोन कप. कितीक महिने असंच चाललं. मग एक दिवस ते म्हणाले, "आले का?" अन् माझ्या तोंडून निघालं, "कोणी नाही आलं हो, मीच आहे." त्यांनी ऐकलं नाही. ते आपले पुढं चहाचं बोलत राह्यले. त्या दिवशी मले त्या घरात पहिल्यांदा भेव लागलं. आवाजाचं नाही, त्याले आपण दिसत नाही याचं. बटन बंद केलं. तेव्हापासून फक्त दसऱ्याले, पूजा झाली की एकदा.

या दसऱ्याले लावला तर आत किरकिर वाजलं. किती वेळ पडदा काळाच, त्याच्यात माझंच तोंड. मग ते म्हणाले, "आले का? या, ब..." अन् तिथंच अडकले. ब, ब, ब. मी हात जोडले अन् बटन बंद केलं.

दुरुस्तीवाला आणला. त्यानं डबा खोलला. फ्लॉपीच्या फटीतून वाळकं पान निघालं, हातात घेताच त्याचे तुकडे. "काकू, फेकू का हे?" मी माझ्या तळहातावर घेतलं. तो म्हणे, "आतली डिस्क घासली आहे. आता बटन दाबू नका. एखाद वेळ चालेल, नाहीतर तेवढंही नाही. डिस्क काढून नागपूरले न्या, आवाज निघाला तर निघाला."

मी काढू दिली नाही. काहून, ते सांगते. नागपूरले नेऊन त्याचं जे कराचं ते तू कर, तुले समजते. तुझ्या हातातला फोन त्या कॉम्प्युटरपेक्षा महाग आहे म्हणतेस, त्याच्यात भर बाबांचा आवाज. पण त्याच्या आधी एकदा, त्या खोलीत, चपला बाहेर काढून, तू ऐक. बोलतील का नाही, मले माहीत नाही. अडकले तर अडकले. इतकी वर्षं ते या, बसा म्हणून राह्यले, अन् ज्या पोरीसाठी डबा आणला तीच आली नाही.

अजूनही दुपारी लाईन येते तेव्हा माझा हात कामातच थांबतो. बटन बंद आहे हे मले माहीत आहे. तरी थांबतो.

पानाचे तुकडे मी त्याच्याच डोक्यावर वाटीत ठेवले आहेत, झालरीखाली. ये व माय, लवकर ये. बटन तूच दाब. साखर आणून ठेवली आहे.