पहिल्या ओळीतला जंतू

सुलोचना मोहिते हिला माणसं आवडत नसत असं नाही, बिनडोक माणसं आवडत नसत. आता जगात बिनडोकांचीच भरती जास्त, त्याला ती बिचारी काय करणार!

ओमानमधल्या गाला नावाच्या औद्योगिक वस्तीत एका खासगी प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. आजूबाजूला गॅरेजं, टायरवाले, पत्रे कापणारे, आणि मध्येच ही काचांची इमारत. बाजारातलं ताक, खजूर, मासळी, हॉटेलांतला भात, असं काहीबाही तिथं तपासायला येई. खालच्या मजल्यावर जंतू वाढवत. मग एक मशीन त्या जंतूचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी आनुवंशिक लिपी, अक्षर अक्षर वाचून वर सुलोचनाच्या कॉम्प्युटरवर पाठवी. हा जंतू कोण, कुठल्या कुळातला, ह्याच्या अंगात कोणती प्रथिनं आणि कोणती विषं बनवायची कला आहे, हे जगभरच्या डेटाबेसांशी ताडून पाहणं हे तिचं काम. ती ते मन लावून करी, आणि न करणाऱ्यांना मनापासून तुच्छ मानी.

महाडच्या एका पोस्टमनची ही मुलगी. मुंबईत एम.एस्सी. झाली, कॉम्प्युटरवरचं जीवशास्त्र स्वतःच्या हिमतीवर शिकली, आणि सदानंदाशी लग्न करून ओमानला आली. सदानंद रस्त्यांचा इंजिनिअर. त्याची साइट लांब इब्रा गावाकडे, म्हणून तो आठवडाभर तिकडे आणि सुट्टीपुरता घरी. शांत माणूस. बायकोने कोणाची सालटी काढायला घेतली की तो टीव्हीचा आवाज न वाढवता टीव्हीकडे बघत बसे. मुलगी मैत्री मात्र गप्प बसणारी नव्हती. "आई, तू ना सगळ्यांना judge करतेस," ती अडखळत्या मराठीत म्हणे. "एवढं राग कशाला येतो तुला?"

"एवढा राग," सुलोचना सुधारी. "आणि राग नाही येत. कीव येते."

ही कीव सगळ्यात जास्त यायची ती स्वप्निलची. स्वप्निल तिचा मॅनेजर, तिच्याहून बराच लहान, पुण्याकडचा. सूट, सेंट, गळ्यात ओळखपत्र, तोंडात अरबी यल्ला यल्ला, म्हणजे चला चला. जीनोमवर सुलोचनाने काम करायचं आणि रिपोर्टवर सही त्याची, अशी पद्धत. पण घाई असली की तो मधलं काम स्वतःच उरकून टाकी, आणि घाई त्याला नेहमीच असे. जंतूच्या लिपीतला एक तुकडा उचलायचा, वेबसाइटवरच्या चौकटीत टाकायचा, बटण दाबायचं. डेटाबेसातल्या सगळ्यात जुळत्या जंतूंची रांग समोर येते. त्यातली पहिली ओळ उचलायची, रिपोर्टात चिकटवायची. खलास! दुसरी ओळ वाचणं म्हणजे त्याला ओव्हरटाइम वाटे.

एकदा निझव्याच्या एका दुकानदाराच्या ताकात ह्या गृहस्थाने दक्षिण ध्रुवाच्या बर्फात सापडणारा जंतू शोधून काढला होता. निझव्यात, जिथं उन्हाळ्यात गाडीच्या टपावर पापड भाजावा! दुकानदाराने फोन करून विचारलं की हे नाव आलं कुठून. स्वप्निल म्हणाला, "सर, डेटाबेस इंटरनॅशनल आहे."

डेटाबेसांवरही सुलोचनाचा काही आंधळा विश्वास नव्हता. ती म्हणे, ही लग्नातल्या आहेराची साडी आहे. एकीने दिली, दुसरीने पिशवीसकट पुढे ढकलली, तिसरीने चौथीला. आत साडी आहे की परकर, हे उघडून कोणी बघितलेलंच नाही. कोणा एका दीडशहाण्याने कधीतरी एका प्रथिनाला नाव दिलं, दुसऱ्याला तसंच प्रथिन सापडलं, त्याने तेच नाव लावलं. असं करत करत हजार ठिकाणी तेच नाव, आणि प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिलेला एकही नाही. ज्याला काहीच सुचत नाही तो 'अज्ञात प्रथिन' लिहून मोकळा होतो. "तो निदान प्रामाणिक तरी," सुलोचना म्हणे. तिच्या तोंडून ही मोठीच स्तुती.

अशा ह्या बाईला सबंध गाल्यात एकच माणूस मानण्यासारखा वाटे, ती म्हणजे खुदेजाआपा. हर्णैची. नवऱ्यामागे तिने गॅरेजांच्या गल्लीत जेवणाचं किचन काढलं आणि दणक्यात चालवलं. आवाज असा की मागच्या गल्लीतल्या माणसाला वाटावं आपल्यालाच हाक आली. बी.कॉम. झालेली, तोंडाने फटकळ, हिशेबाला चोख. अर्बाबसुद्धा, म्हणजे तिथला अरब मालकसुद्धा, तिच्याशी जपून बोले. गल्लीतले कामगार दुपारी तिचाच भात-सार खात. सुलोचना तिथं भाकरी आणि तळलेला बांगडा खाई, कारण भाताने तिचं वजन वाढतं असं तिचं मत होतं. जेवता जेवता ती स्वप्निलच्या नकला करी आणि खुदेजाआपा पोट धरून हसे.

एके दिवशी दुपारी त्या गल्लीतल्या एका वर्कशॉपमधली माणसं जेवून उठली, आणि थोड्याच वेळात एकामागून एक ओकायला लागली. तिघांना इस्पितळात न्यावं लागलं, त्यातल्या एकाला सलाइनवर ठेवलं. तपासनीस आले, किचनला कुलूप लागलं, टोपातला भात सीलबंद होऊन प्रयोगशाळेत आला. डब्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पण तो भात कोणाचा हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक होतं.

जंतू वाढला, त्याचा जीनोम वाचून झाला. रिपोर्टाची घाई होतीच, म्हणून स्वप्निलने तुकडा उचलला, चौकटीत टाकला, बटण दाबलं. मग हसत हसत सुलोचनाच्या टेबलाशी आला.

"मॅडम, गुड न्यूज! तुमच्या त्या आपांचं किचन सेफ आहे. थुरिंजिएन्सिस निघाला. भाजीवर कीड मारायला फवारतात तो. माणसाला काही करत नाही. उलट्यांचं कारण दुसरं असेल, पाणी वगैरे. उद्या सकाळी रिपोर्ट सोडतो."

सुलोचनाने त्याची यादी उघडली. पहिल्या ओळीत थुरिंजिएन्सिस, बरोबर. दुसऱ्या ओळीत सेरियस, भातात वाढणारा आणि माणसाला ओकायला लावणारा. तिसऱ्या ओळीत अँथ्रॅक्सचा जंतू. तिन्ही सख्खे भाऊ, तो तुकडा तिघांतही अगदी सारखाच. तिघांनाही शंभर टक्के गुण. त्यांतला पहिला वर का, तर कोणालातरी वर ठेवायला हवं म्हणून.

"स्वप्निल, तिन्ही ओळी सारख्याच आहेत."

"हो ना, मग पहिली घेतली."

"तिसरी घेतली असतीस तर आत्ता दारात पोलीस असते."

"म्हणून तर पहिली घेतली, मॅडम!" असं म्हणून तो खरोखरच खूश होऊन निघून गेला.

सुलोचना कपाळाला हात लावून बसली. ह्या मूर्खाला आता असं पुराव्यानिशी झोपवते की पुन्हा बटणाला हात लावणार नाही, असं तिने ठरवलं. आपाला वाचवायचं तर नीट, खरं कारण शोधून वाचवायचं. तुकडा नाही, तिने अख्खा जीनोम घेतला. विषं बनवणाऱ्या जनुकांचा वेगळा डेटाबेस असतो, त्याच्याशी एकेक जनुक ताडायला लावलं. कॉम्प्युटर कुरकुरत राहिला आणि ती समोर दात आवळून बसली.

उत्तर आलं तेव्हा तिला आधी आनंद झाला. सेरियसच होता. स्वप्निल सपशेल आपटला होता! तोंडावर आलेलं हसू मग तसंच राहिलं. ओकायला लावणारं विष बनवणाऱ्या जनुकांचा सगळा संच त्या जंतूत होता, एकही न गळता. तिने पुन्हा ताडून पाहिलं, दुसरा डेटाबेस घेऊन पाहिलं. ह्या वेळी आत साडीच होती. आपाच्या भातानेच ती माणसं आडवी झाली होती.

आता गंमत बघा. जन्मभर जिला पहिल्या ओळीचा तिटकारा, तिला ती पहिली ओळ अचानक बरी वाटायला लागली. रिपोर्ट स्वप्निलचा, सही स्वप्निलची, चूक स्वप्निलची. तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती नुसती गप्प बसली असती तर आपाचं कुलूप निघालं असतं, आणि जबाबदारी एका गाढवाच्या पाठीवर गेली असती. गाढवं असतात कशाला? हा विचार तिने केला, चांगला संध्याकाळपर्यंत केला. मग उठून ती खुदेजाआपाकडे गेली. तपासणीतली गोष्ट बाहेर बोलायची नसते, हा नियम तिनेच नवीन मुलींना दटावून शिकवलेला होता.

किचनमागच्या आपल्या राहत्या खोलीत आपा एकटी कांदे निवडत होती. कांदे कोणासाठी, ते तिलाही माहीत नसावं.

"ये गो बाय. काय म्हणतात तुझे जंतू?"

सुलोचना बसली नाही. "आपा, रिपोर्ट तुमच्या बाजूने जातोय. पण तो चुकीचा आहे. मी स्वतः बघितलं. भातातच होतं."

आपाचे हात थांबले. "आमी तर गरम करून दिला होता. चांगला वाफ येईस्तोवर."

"गरम करून जंतू मरतो, त्याने आधी बनवलेलं विष मरत नाही. शिजवलेला भात बराच वेळ तसाच राहिला की ते तयार होतं."

आपा सरळ म्हणाली, "रातचा होता. नवीन वर्कशॉपची ऑर्डर आली, पहाटे हात पुरंनात. रात्री शिजवून टोपात झाकून ठेवायला लागले. फ्रीजमध्ये मासळी. जागा कुठं होती?" तिने हातातला कांदा खाली ठेवला. "तो पोरगा, सलाइनवाला, कसा हाय?"

"बरा आहे. उद्या सोडतील म्हणे."

"अल्लाची मेहेरबानी. मग लिही की खरं काय ते. माझ्याकडं कशाला आलीस?"

"तुम्हाला सांगावं म्हणून."

"सांगायला नाय आलीस." आपाचा आवाज आता मागच्या गल्लीत जाणारा नव्हता, अगदी बारीक होता. "सांगायचं असतं तर लिहून आली असतीस. तू विचारायला आलीस. मी 'नको गो बाय, गप बस' म्हटलं असतं, तर?"

सुलोचनाने नजर खाली कांद्यांकडे वळवली.

"तर गप बसली असतीस," आपा म्हणाली. "आणि मी उद्या परत तसाच भात वाढला असता. तुझा तो स्वप्निल वाचतच नाय, म्हणून चुकतो. तू तर सगळं वाचून आलीस." मग तिने पुन्हा कांदा उचलला. "जा आता. उशीर करू नको."

सुलोचना गेली. सकाळी तिने स्वप्निलपुढे सगळं मांडलं. तिला वाटलं होतं तो वाद घालील, निदान वरमेल. "ओह, थँक्यू मॅडम, बदलतो लगेच," तो म्हणाला आणि त्याने तिच्यासमोर बदललंसुद्धा. त्याला काही लाजबीज वाटली नाही, आणि त्या दिवशी त्याला हसायचं बळ सुलोचनाच्या अंगात नव्हतं.

किचनचा परवाना गेला. पुन्हा परवाना मिळेपर्यंत आपा इब्र्याला भावाकडे राहायला गेली. जाण्याआधी तिने गल्लीत सगळ्यांना सांगितलं की भात माझाच खराब होता, आणि तो सुलोचनाबायने पकडला. संध्याकाळच्या त्या भेटीबद्दल ती कोणालाही एक अक्षर बोलली नाही. ह्या न बोलण्यात प्रेम होतं की तिरस्कार, हे सुलोचना ताडून पाहू शकली नाही. त्याला डेटाबेस नव्हता.

बातमी मात्र पसरली. गॅरेजवाले तिला सलाम करू लागले. सुट्टीत घरी आलेल्या सदानंदानेही ऐकलं आणि पहिल्यांदाच टीव्ही बंद करून म्हणाला, "शाब्बास! ओळखीची माणसंसुद्धा सोडली नाहीस." मैत्री म्हणाली, "आई, I'm so proud." महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये स्वप्निल सगळ्यांसमोर उभा राहिला. सुटाचं बटण लावून तो म्हणाला, "प्रामाणिकपणा शिकायचा तर मॅडमकडून शिका. स्वतःच्या मैत्रिणीचं किचन होतं, पण मॅडम क्षणभरही डगमगल्या नाहीत."

त्यातला एक शब्द खोटा होता, आणि कुठला ते त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं. सगळे टाळ्या वाजवत तिच्याकडे बघत होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून सुलोचना उठली, सगळ्यांकडे एकदा बघितलं, "थँक्यू" म्हणाली आणि खाली बसली.