दंडावरचा लेप

मंगरूळपीरच्या बाजारात उत्तमराव भाजीपेक्षा बातम्या जास्त वाटत. आपल्या प्रोस्टेटचा कॅन्सरही त्यांनी मेथीच्या जुडीबरोबर गिऱ्हाइकांना सांगून टाकला होता. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, आवडाबाईंना, तेव्हा कुठं तोंड लपवावं कळेना.

किरणं दिल्यावर तीन वर्षं बरी गेली, मग कॅन्सर दाखवणारा रक्तातला आकडा पुन्हा चढायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी एका नव्या लसीच्या चाचणीचं सांगितलं. अंगातल्याच शिपायांना कॅन्सरच्या पेशी ओळखायला शिकवायची ही लस. गुण येईलच असं आज कुणी सांगू शकत नव्हतं. उत्तमरावांनी विचार करून सही केली. सोबत एक डायरी मिळाली. सुई टोचल्यावर सात दिवस ताप लिहायचा, दंडावरची लाली पट्टीनं मोजायची, आणि विचारल्याशिवाय दुसरं औषध लावायचं नाही. सातवी शिकलेल्या आवडाबाईंनी डायरी आपल्याकडे घेतली.

दुसऱ्या सुईनंतर दंड टरारून सुजला. दुपारभर नवरा कण्हत पडलेला त्यांना बघवेना. बैलाच्या खांद्यापासून नातवाच्या गुडघ्यापर्यंत सगळ्या सुजांना त्यांनी जे केलं, तेच केलं. आंबेहळद उगाळली, चुना कालवला, कोमट लेप थापला. तो औषधात मोडतो, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

सकाळी पट्टी घेऊन बसल्या, तर चुन्यानं हळद लालभडक झालेली. सुईची लाली कुठली नि लेपाची कुठली, ओळखू येईना. साबणानं घासलं तर दंड आणखी लाल. आवडाबाईंना डायरीतली दुसऱ्या औषधाची ओळ आता आठवली. नवऱ्याला चाचणीतून काढून टाकलं तर?

"लिहून टाक न व अंदाजानं," उत्तमराव म्हणाले. "चार सेंटीमीटर लिही. कोन येऊन राह्यलं इथं पाहाले?"

"अन् त्या अंदाजावर दुसऱ्या कोनाले सुई देतीन, तं?"

त्यांनी लालीचा रकाना कोराच ठेवला.

तिसऱ्या सुईला नागपूरला गेल्यावर उत्तमरावांनी तोंड उघडायच्या आत त्यांनी डायरी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंपुढं सरकवली. मग नवऱ्याकडे बोट केलं.

"म्या लावला लेप. यायचा काही कसूर नाही. काढाचंच असन तं मले काढा, यायले नोका काढू."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. एवढ्यासाठी कुणाला काढत नाहीत, त्या म्हणाल्या. खोटा आकडा असता तर मात्र घोळ झाला असता. मग दंड नीट तपासून, काय लावलं, किती वेळ ठेवलं, सगळं विचारत त्या लिहू लागल्या. उत्तमराव दुसऱ्या हाताची बाही वर सारून तयार बसले.

आवडाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मान लांब करून कागदावर पाहिलं.

"नुसती हळद नोका लिहू, बाई," त्या म्हणाल्या. "आंबेहळद लिहा."