निरंक

गुणवंत कर्मचारी पुरस्कारासाठी मी नलूताईंचं नाव सुचवलं. नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या दाखल्यांचं काम त्या करतात, माझ्या शेजारच्या टेबलावर. आज त्यांनी भरलेला अर्ज पाहिला. ‘विशेष कामगिरी’च्या रकान्यात टपोऱ्या अक्षरात एकच शब्द होता: निरंक. म्हणजे काहीच नाही.

माझं डोकंच फिरलं. “अहो, हे काय लिहिलंत?”

“मग काय लिहू? रोजचंच काम. त्यात विशेष ते काय?”

नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला न्यायला आलेल्या बाईला त्या आत बोलावतात, स्वतःची खुर्ची देतात आणि उभ्यानेच दाखला लिहितात. हे कुठल्या रकान्यात बसवायचं? अर्जाला म्हणे फोटो जोडा, कात्रणं जोडा. त्या रडणाऱ्या बाईचे फोटो काढायला हवे होते का?

संतापाने अर्ज फाडणारच होते, तेवढ्यात खालचा रकाना दिसला: ‘प्रलंबित प्रकरणे’. तिथेही निरंक.

माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्याकडे मला बघवेना. हा शब्द तिथे खरा लिहू शकेल अशी अख्ख्या कचेरीत ही एकच बाई, आणि समिती वाचणार तो फक्त वरचा रकाना.