भावजींचं लाकूड

आमच्या ताईने लग्न एकाशीच केलं, पण घरात शिरले दोघे: भावजी आणि त्यांचा डबल बास. डबल बास म्हणजे व्हायोलिनचा आडदांड आजोबा. माणसापेक्षा उंच, पोट सुटलेला आणि कुठेही ठेवला तरी अडचण. तो ताईच्या बेडरूमच्या दारामागे उभा असतो, त्यामुळे ते दार लग्नापासून आजतागायत पूर्ण उघडलेलं नाही. आत जाताना ताई आडवी होते. भावजी पोट आत घेतात, म्हणजे घेतलं असं समजतात.

ऑर्केस्ट्रात त्यांना सगळे ‘कपाट’ म्हणतात. वाद्याच्या आकारावरून, असा भावजींचा समज. खरं कारण आवाजाचं आहे. हळुवार सुरावट सुरू होताना इतर तीन बास ढगासारखे अलगद येतात आणि चौथ्या खुर्चीवर भावजींनी तारांवर गज फिरवला की जड कपाट फरशीवर ओढल्यासारखं ‘खर्र’ होतं. वीस वर्षं झाली, ते कपाट अजून जागेवर लागलेलं नाही.

ऑर्केस्ट्राच्या नव्या संचालिकाबाईंनी मात्र पहिल्याच तालमीत ताल द्यायची काठी खाली ठेवली.

“रविवारी हे मला पुन्हा ऐकू आलं,” त्या म्हणाल्या, “तर सोमवारपासून तुम्ही मागच्या खोलीत. स्वरलिपीच्या प्रती लावायच्या.”

भावजी घरी आले ते थेट निदान घेऊनच. “दोष गजाचा आहे. लाकूड हलकं आहे त्याचं.”

“मागच्या गजाचं जड होतं ना?” ताईने विचारलं.

“ते जड नव्हतं, मठ्ठ होतं.”

“आणि त्याच्या आधीचं?”

“ते लाकूडच नव्हतं! कार्बनची काठी होती ती. मासे पकडायची.”

ज्यांना नाचता येत नाही त्यांना निदान एकच अंगण वाकडं मिळतं. भावजींनी आजवर सात अंगणं बदलली होती.

दुकानात ते मला घेऊन गेले, कौतुक करायला कोणीतरी हवं म्हणून. दुकानदाराने चार गज टेबलावर मांडले आणि कोपऱ्यातल्या बासकडे हात केला. “वाजवून बघा.”

“वाजवून?” भावजी हसले. असं हसायला फार कमी ज्ञान लागतं. “लाकूड वाजवून नाही घेत. वाचून घेतात.”

मग वाचन सुरू झालं. त्यांनी एक डोळा मिटून काठीची रेष पाहिली. बोटावर तोलली. कानाशी धरून टिचकी मारली. वास घेतला. एका गजावर सापाच्या कातडीसारखी नक्षी होती, तो ‘भडक’ ठरला. दुसरा फिकट, म्हणून ‘अशक्त’. तिसऱ्या तांबूस काठीपाशी मात्र त्यांचा आवाजच ओला झाला.

“पर्नांबुको! सातासमुद्रापलीकडचं झाड. अस्सल असेल तर पाण्यात बुडतं. एक बादली आणा बरं.”

“बादली नाहीये, साहेब,” दुकानदार म्हणाला. “बास आहे.”

बासला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. दुकानात दोन पोरसवदा वादक उभे होते ना! खर्र झालं असतं तर? जुना गज बदल्यात देऊन टाकला आणि पर्नांबुको छातीशी धरून स्वारी निघाली. दुकानदाराने तेवढ्यात जुन्या गजाला ताणलेले घोड्याच्या शेपटीचे केस निरखून त्यांच्याकडे करुणेने पाहिलं. ते केस बहुधा घोडा जिवंत असतानाच मेले असावेत.

रविवार दुपारचा कार्यक्रम. सकाळी नवरदेव चकाकायला हवा म्हणून भावजींनी काठीला तेल लावलं. रेषा खुलल्या. मऊ फडकं घेऊन घासत, कुरवाळत बसले. ताई म्हणाली, “अहो, आता जरा वाजवा तरी.”

“लाकडाला मुरू दे गं!” असं म्हणत त्यांनी शेवटचा हात म्हणून तेच तेलकट फडकं केसांवरूनही मायेने फिरवलं.

आता, हे केस तारेला पकडतात ते राळेमुळे. राळ असते चिकट, तेल असतं तेल. हे शाळकरी पोरालाही कळतं. पण शाळकरी पोराला लाकूड कुठे वाचता येतं?

कार्यक्रमात हळुवार भाग आला. बाईंनी काठी उचलली. तीन बास ढगासारखे आले. चौथ्या खुर्चीवर भावजींचा गज तारेवरून गेला आणि आला, बर्फावरून घसरावा तसा. आवाज नाही. त्यांनी जोर लावला. आवाज नाहीच. कपाळावर घाम, डोळ्यांत सोमवार आणि ती मागची खोली. शेवटपर्यंत हा गृहस्थ तारा पुसत होता.

टाळ्या थांबल्यावर बाई सरळ त्यांच्याकडे आल्या. भावजींनी डोळे मिटले.

“वा!” बाई म्हणाल्या. “आज पहिल्यांदा तुम्ही बाकीच्यांत विरघळलात. खुर्ची तुमचीच. नवीन गज का?”

भावजींनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग छाती बाहेर आली.

“पर्नांबुको,” ते म्हणाले. “लाकूड ओळखता यायला हवं.”

घरी आल्यावर मात्र बूट न काढताच खाली बसले. बराच वेळ गजाच्या केसांवरून बोट फिरवत राहिले आणि ते बोट पाहत राहिले.

“खरं सांग,” त्यांनी ताईला विचारलं, “मी ऐकू आलो का गं तुला?”

“एकदासुद्धा नाही,” ताई म्हणाली. “लग्नापासून इतकं छान कधी वाजवलं नव्हतंत.”

दुसऱ्या दिवशी केस धुवायचे की नाही, यावर भावजींनी खोल विचार केला, म्हणजे चहा संपेपर्यंत. मग राळेची वडी ताईच्या शिवणाच्या डब्यात गेली आणि तेलाची बाटली वाद्याच्या खोळीत.

हल्ली नवे वादक त्यांच्याकडे गज निवडायचा सल्ला मागायला येतात. ताई दारामागून आडवी बाहेर येते, चहा ठेवते आणि पाहुण्यांना सांगते, “लाकडाचं सगळं यांना विचारा. फक्त वाजवायला सांगू नका. तेल संपलंय.”