मेधाच्या लॉगिनवरच्या पत्रिका

"अनिल, तुला ही भाषा वाचता येते ना?" असं विचारत लिंडानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. लिंडा म्हणजे माझी मॅनेजर. शेजारी सिक्युरिटीचा ग्रेग हाताची घडी घालून बसला होता. स्क्रीनवर एक जन्मपत्रिका होती. बारा घरांची कुंडली, खाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव. ती मीच काढलेली होती.

ही २००५ सालची गोष्ट. टेक्सासमध्ये प्लेनोला एका विमा कंपनीत मी डेटाबेस सांभाळायचो, म्हणजे कंपनीची सगळी माहिती जिथे साठते त्या कोठाराची राखण करायचो. एच-वन व्हिसा होता. ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीमार्फतच चालला होता. या व्हिसावर कंपनीच्या कामाखेरीज दुसरं कमाईचं काम करता येत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, उगाच साळसूदपणा करत नाही.

तरी मी जोडधंदा काढला. वडिलांना ज्योतिषाचा नाद होता, त्यामुळे त्यातलं गणित मला येत होतं. मी एक प्रोग्रॅम लिहिला. एका मुलाची पत्रिका द्यायची, यादीतल्या सगळ्या मुलींशी गुण जुळवून निकाल ईमेलनं घ्यायचा. भांडवल काही नाही, दुकान नाही, नोकरी सांभाळून होणारं काम. डॅलसपासून शुगर लँडपर्यंतच्या काकू-मावश्यांमध्ये माझं नाव झालं. पैसे पुण्याला भावाकडे जमा व्हायचे, म्हणजे इथे काही दिसायला नको. बायको म्हणायची, हे एक दिवस अंगाशी येईल. मी म्हणायचो, तू नको काळजी करूस.

यादी वाढली तसा घरचा कॉम्प्युटर रडायला लागला. एका मुलाला अख्खा शनिवार लागायचा. आणि ऑफिसात टेस्ट सर्व्हर होता. नवा प्रोग्रॅम ग्राहकांपुढे आणण्याआधी ज्या मशीनवर तो तपासतात, तो टेस्ट सर्व्हर. वीकएंडला ते मशीन नुसतं पडून असायचं. मला वाटलं, कोणाचं काय जातंय?

त्या मशीनवर मला लॉगिन नव्हतं. मेधाला होतं. मेधा नागपूरची, टेस्टिंगमध्ये, कॉन्ट्रॅक्टवर. म्हणजे पगार एका कन्सल्टिंग कंपनीचा आणि काम आमच्याकडे. मला दादा म्हणायची, माझ्या बायकोला वहिनी. आदल्या वर्षी ती तीन आठवडे घरी गेली तेव्हा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला होता. काही अडलं तर बघून घ्या, म्हणाली. आपल्या लोकांत असंच चालायचं. घराची किल्ली शेजारी द्यावी, तितक्या सहज. ती परत आली, पासवर्ड बदलला नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. तिच्या नावानं मी दर शनिवारी आपोआप सुरू होणारं काम लावून ठेवलं होतं.

आता ऑडिट चालू होतं. ग्रेगला त्या मशीनवर शेकडो माणसांची नावं, जन्मतारखा आणि जन्मगावं सापडली. अमेरिकन माणसाला यात एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे कोणीतरी लोकांची ओळख चोरतंय. आणि लॉगमध्ये, म्हणजे कोणी केव्हा काय केलं त्याच्या नोंदीत, प्रत्येक ओळीला मेधाचं नाव.

"काय आहे हे?" लिंडानं परत विचारलं.

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. माझ्या डोळ्यांपुढे ग्रीन कार्ड आलं, दोन मुलांची शाळा आली. मी स्क्रीनकडे नीट बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, धार्मिक काहीतरी दिसतंय, लग्नाबिग्नाचं. स्वतःच्याच कामाचा मी बाहेरचा तज्ज्ञ झालो. लिंडानं माझे आभारही मानले. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मेधाला बोलावलं. तिचा बॅज काढून घेतला आणि चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. एक खोका घेऊन ती माझ्या क्युबिकलवरून गेली. मी कीबोर्डवर काहीतरी बडवत राहिलो.

रविवारी ती आमच्या घरी आली. बायकोनं चहा केला. मेधा मुलांशी बोलली, पोहे खाल्ले, ऑफिसचा विषयही काढला नाही. गाडीपर्यंत सोडायला गेलो तेव्हा तिनं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"दादा, त्यांनी मला दाखवलेल्या कागदांत माझ्या बहिणीची पत्रिका होती. ती मी फक्त तुम्हाला दिली होती."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही सांगाल."

तिचा आवाज चढलाही नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मला निदान चिडता तरी आलं असतं.

सोमवारी सकाळी मी लिंडाकडे गेलो आणि सांगितलं की फाइल्स माझ्या आहेत. इथवर ठीक. पण घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. हा माझा छंद आहे, म्हणालो. पैशांबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि मी लॉगिन चोरलं असं तिला वाटू नये म्हणून घाईघाईनं म्हणालो, पासवर्ड मेधानं स्वतःहून दिला होता.

लिंडाचं पेन थांबलं. "तिनं तुला दिला? स्वतःहून?"

"हो."

झालं. पासवर्ड दुसऱ्याला देणं हा नियमभंग, आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला त्यावर दुसरी संधी नसते. तिला सोडवायला गेलो होतो आणि जो आरोप तिच्यावर नव्हताच तो मीच नेऊन दिला. दुपारी तिचं कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल केलं. मला लेखी ताकीद मिळाली. जुना डेटाबेस नव्यावर हलवायचा होता आणि तो उकलणारा मीच एकटा होतो, म्हणून वाचलो. लायकीमुळे नाही.

त्या दिवसांत काम गेलं की एच-वनवाल्याला थांबायला सवड नसायची. तिला दुसरं प्रोजेक्ट मिळालं नाही. गाडी विकून ती नागपूरला परत गेली. एअरपोर्टवर सोडायला माझी बायको गेली. मला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

पत्रिकांचं काम मी बंद केलं. ग्रीन कार्ड दोन वर्षांनी आलं. त्याच सुमाराला लिंडानं माझ्यावर एक जास्तीचं काम सोपवलं. नव्या लोकांना सिक्युरिटीचं ट्रेनिंग तू दे, म्हणाली, तुला अनुभव आहे. ती हसून म्हणाली नव्हती. पासवर्ड आईला सुद्धा देऊ नका, हे मी तेव्हापासून सांगत आलोय आणि ते खरंच आहे. ट्रेनिंगच्या पहिल्या स्लाइडवर एक घडलेला प्रसंग आहे: एका कर्मचारी बाईनं आपला पासवर्ड सहकाऱ्याला दिला आणि तिची नोकरी गेली. सहकाऱ्याचं पुढे काय झालं, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे मी ठरवून ठेवलं होतं. इतक्या बॅचेस झाल्या, कोणी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही.